रुमालातले तास

क्रोशाचे काम चारचौघींना दाखवायची आणि नमुना उतरवून घ्यायची रीत आपल्याकडे मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. तिची हक्काची जागा म्हणजे लग्नातले रुखवत. मुळात तो वधूकडून वराकडे जाणारा फराळ. पुढे लाडू-चकल्यांच्या शेजारी क्रोशाचे रुमाल, तोरणे, झालरी लावलेली झाकणे येऊन बसली आणि खाऊपेक्षा त्यांचीच चर्चा जास्त होऊ लागली. जाणती बाई रुमाल सुलट बाजूने पाहून थांबत नाही. ती तो उलटा करते आणि दोरा कुठे जोडला आहे ते शोधते. आवडला तर दोन बोटांत धरून खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, मोजते, आणि तोच रुमाल महिन्याभरात दुसऱ्या घरच्या टीव्हीवर दिसतो. या देवाणघेवाणीचा मागोवा घेताना एक गोष्ट सारखी आडवी येते. वस्तू हातोहात फिरली, नमुनाही फिरला, पण त्यात गेलेला वेळ कुणी मांडून दाखवला नाही. तसा तो मांडायचा नसतो, असाच सगळीकडे संकेत होता, आणि माझ्या मते या कलेचे सर्वांत मोठे नुकसान त्यानेच केले.

हा संकेत काही आपलाच नव्हे. 1840 च्या दशकात युरोपात क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके निघू लागली. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींनी आणि धर्मगुरूंच्या बायकांनी गावोगावच्या मुलींच्या हाती क्रोशाची सुई दिली. एकीने गुलाब करायचे, दुसरीने पाने, तिसरीने ती जाळीत गुंफायची. घरे जगली हे खरे. पण लंडन-पॅरिसमध्ये त्या जाळीचा गळपट्टा मिरवणारीला त्यात किती जणींचे हात आहेत हे कळायला वाव नव्हता. त्याच शतकात आंध्रातल्या गोदावरीकाठी, नरसापूर भागात, स्कॉटिश मिशनऱ्यांनी लेस शिकवली. तिथेही कामाची तीच फोड झाली: फुले एकीची, जोडणी दुसरीची, माल परदेशी.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांवर लिहिलेले पुस्तक 1982 मध्ये आले. घरचे सगळे आवरून दिवसाचे सहा-आठ तास सुई चालवणाऱ्या या बायका हिशेबात मात्र ‘गृहिणी’च राहिल्या, आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग ठरला. फावला वेळ म्हटले की मजुरी आपोआप उतरते. व्यापार पुरुषांच्या हाती गेला आणि परदेशी विक्रीतून त्यांची घरे उभी राहिली. नरसापूरच्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंदच आहे. पण मानांकन गावाच्या नावाला मिळते. एका रुमालाला किती तास लागले, ते त्या शिक्क्यावर लिहिलेले नसते.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीला तासांचा काटा कशाला लावायचा? बाळंतविड्यातले टोपडे मायेने विणलेले असते, त्याची मजुरी काढणे हा करंटेपणा आहे. मान्य. पण मायेचा आणि मजुरीचा हिशेब वेगळा ठेवायचा तर आधी तास ठाऊक हवेत. घरात ‘बसल्या बसल्या केले’ म्हणायची सवय लागली की तेच वाक्य गिऱ्हाईकही ऐकवते, आणि वीस तासांच्या रुमालाला दोऱ्याच्या किमतीवर चार पैसे चढवून देते. शिवाय केवळ वेळ नव्हे, त्यामागची अक्कलही अशीच झाकली गेली. गोल रुमाल घ्या. पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस. दर फेरीला बारा वाढवले की रुमाल सपाट बसतो. वाढवायला विसरलात तर त्याची टोपी होते, जास्त वाढवलेत तर कडेला चुण्या पडून झालर होते. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी 1997 मध्ये याच चुण्यांच्या युक्तीने ‘हायपरबोलिक’, म्हणजे कडेकडे अधिकाधिक पसरत जाणाऱ्या, पृष्ठभागाचा हातात धरता येईल असा टिकाऊ नमुना विणला. तोवर गणिताच्या वर्गात त्यासाठी कागदाचे चिकटवलेले, लगेच फाटणारे तुकडे वापरले जात. परकराला झालर लावणाऱ्या बायकांना सूत्र ठाऊक नव्हते, पण मोजणी ठाऊक होती. तिला बुद्धीचे काम म्हणायला मात्र विद्यापीठ लागले!

व्हिडिओ आले आणि वेळ झाकायच्या या जुन्या रिवाजात पहिल्यांदा फट पडली. छापील नमुन्यात घोटाळा फार: अमेरिकेतला ‘सिंगल’ तोच इंग्लंडमधला ‘डबल’, आणि आपल्याकडे त्याला मुका खांब म्हणतात. पडद्यावर हात दिसतो, त्यामुळे नावांवाचून काम होते. मराठीत सांगणाऱ्या बाईचा नमुना भाषा न कळणारीही उतरवून घेते. शिकवणाऱ्या शेजारणीची सर त्याला नाही, हा आक्षेप खरा आहे. सुई कशी धरलीत ते पाहून व्हिडिओ हातावर चापट मारत नाही. तरी शेजारीण सर्वांच्याच वाट्याला येत नव्हती, आणि तिने तास दाखवलेच होते असेही नाही. व्हिडिओ निदान काम चाललेले दाखवतो. दुर्दैवाने तोही बहुतेकदा पळवलेला असतो. अख्खी दुपार चाळीस सेकंदांत. तास सोडून आकार मोजायची जुनी खोडही गेलेली नाही. 31 जानेवारी 2016 रोजी चेन्नईत बायकांनी तुकडे जोडून जगातले सर्वांत मोठे क्रोशाचे पांघरूण मांडले, तेव्हा विक्रमात नोंद झाली ती 11,148.5 चौरस मीटरची.

तासांचा हा आग्रह आता जास्तच निकडीचा झाला आहे. स्वेटर यंत्रावर निघतो, पण खरा क्रोशा विणणारे यंत्र बाजारात आलेले नाही. म्हणजे दुकानात क्रोशाचा टॉप फार स्वस्त दिसला, तर तो एक तर नकली विणीचा आहे किंवा कुणाच्या तरी हातांनी फार थोड्या पैशांत केलेला आहे. दुसरीकडे संगणकाने रचलेली क्रोशाच्या मोरांची, मांजरांची चित्रे नमुना म्हणून विकली जात आहेत. सोबतच्या कृतीतले आकडे तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच जुळेनासे होतात. नवशिकी आपलेच चुकले समजून उसवत बसते. जाणती बाई चित्र दोन बोटांनी मोठे करते आणि रुखवतातल्या रुमालात शोधायची तेच शोधते: खांब कुठून निघाला आणि दोरा कुठे जोडला आहे.