पोशाख जुना, मन आजचें

स्वतःच्या काळाचा कंटाळा येणें ही मनुष्याच्या बाबतींत कांहीं नवी गोष्ट नव्हे. "आमच्या वेळीं असें नव्हतें" हें वाक्य घरांतील वडील मंडळींच्या तोंडून दिवसांतून एकदां तरी निघतेंच. परंतु ज्या काळीं आपण जन्मालाहि आलों नव्हतों त्या काळाचा पोशाख अंगावर चढवून, तेव्हांचीच केशरचना करून, तेव्हांच्याच खुर्च्यामेजांमध्यें आयुष्य घालविणारीं माणसें हा मात्र नवलाचा प्रकार आहे. अमेरिकेंत व इंग्लंडांत अशा हौशी स्त्रीपुरुषांचा एक वर्गच आहे. सुमारें १९४० ते १९६० हीं वीस वर्षें त्यांनी आपलीं मानलेलीं आहेत. या मंडळींची ओळख वाचकांना करून द्यावी, आणि या छंदांत घेण्यासारखें काय व टाकण्यासारखें काय याचा विचार करावा, असा आमचा हेतु आहे.

टाचणीचें चित्र

यांच्यांतील स्त्रियांच्या तोंडीं 'पिन-अप' हा शब्द वारंवार येतो. भिंतीवर टाचणीनें टोचून ठेवावयाचें चित्र, एवढाच त्याचा मूळ अर्थ. दुसऱ्या महायुद्धांत घरादारापासून दूर असलेले अमेरिकन शिपाई आपल्या बराकींत हसऱ्या तरुणींचीं चित्रें लावीत. बेटी ग्रेबल या नटीचें, खांद्यावरून मागें वळून पाहणारें, १९४३ मधील छायाचित्र त्यांत विशेष गाजलें. पेरू देशांत जन्मलेले चित्रकार आल्बेर्तो व्हार्गास हे 'एस्क्वायर' मासिकासाठीं अशीं चित्रें काढीत. सेंट पॉल शहरांतील ब्राउन अँड बिगेलो ही कंपनी गिल एल्व्हग्रेन यांच्या चित्रांचीं कॅलेंडरें छापी, आणि व्यापारी तीं जाहिरातीखातर गिऱ्हाइकांना वाटीत. वाण्याकडून मिळालेलें कॅलेंडर स्वयंपाकघरांत टांगणाऱ्या आमच्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाहीं. आपल्याकडे त्यावर लक्ष्मी नाहींतर गणपति असे, एवढाच फरक. झोई मोझर्ट ही चित्रकर्त्री तर पुष्कळदां आरशासमोर बसून स्वतःवरूनच चित्र काढी. तथापि हीं चित्रें मुख्यतः पुरुषांच्या करमणुकीसाठींच होतीं, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. मग आजच्या शिकल्यासवरल्या स्त्रीला त्यांचें आकर्षण कां वाटावें?

प्रत्येक चुणीला कारण

याचें उत्तर त्या पोशाखाच्या इतिहासांत थोडेंबहुत सांपडतें. ब्रिटनमध्यें १ जून १९४१ रोजीं कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें, तें १५ मार्च १९४९ पर्यंत चाललें. आपल्याकडेहि युद्धकाळांत कापडावर नियंत्रण होतेंच. जुनें उसवून नवें कसें शिवावें, ठिगळ कसें लावावें, हें शिकविणारी 'मेक डू अँड मेंड' नांवाची पुस्तिका तेथील सरकारनें १९४३ मध्यें काढली. अमेरिकेंत १५ मे १९४० रोजीं नायलॉनचे पायमोजे देशभर विक्रीस आले. पण पुढें युद्ध सुरू होतांच तें नायलॉन हवाई छत्र्यांकडे गेलें, आणि बायका उघड्या पोटरीवर पेन्सिलीनें मोज्याची शिवण रेखाटूं लागल्या. कारखान्यांत यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रिया केंस चक्रांत अडकूं नयेत म्हणून डोक्याला रुमाल बांधीत. आज जो रुमाल शोभेचा म्हणून बांधला जातो, तो मूळचा कामकरी बाईचा आहे.

युद्ध संपल्यावर १२ फेब्रुवारी १९४७ रोजीं पॅरिस येथें क्रिस्तियां दिओर यांनी बारीक कंबरेचे व प्रचंड घेराचे झगे लोकांपुढें मांडले. इतकें कापड एका झग्याला घालणें ही उधळपट्टी आहे, अशी ओरड झाली. पण वर्षानुवर्षें मोजून मापून कापड मिळालेल्या स्त्रियांना त्या घेराचीच भूक होती. दुष्काळ सरल्यावर पोटभर जेवावें, तसा तो प्रकार होता.

छंदाची शिस्त

हें सर्व आज आचरणांत आणणें सोपें नाहीं. ओलसर केंसांच्या बटा बोटाभोंवतीं गुंडाळून, आंकडे लावून रात्रभर तशाच ठेवावयाच्या. सकाळीं त्या विंचरून कपाळावर 'व्हिक्टरी रोल' नांवाच्या गुंडाळ्या चढवावयाच्या. हें कौशल्य पुष्कळ सरावानंतरच हातीं येतें. त्या काळचें कापड बहुधा विरलेलें असतें, म्हणून अनेक जणी जुन्या नमुन्यांवरून नवे कपडे शिवतात. येथेंहि गंमत अशी कीं १९४० च्या सुमाराचा अमेरिकन चौदा नंबरचा नमुना बत्तीस इंच छातीचा असे, आणि आजचा चौदा नंबर त्याहून बराच मोठा असतो. म्हणून आंकड्यावर विसंबून न राहतां फीत घेऊन स्वतःचें माप घ्यावें लागतें. सिंगर कंपनीचें १९३३ मध्यें निघालेलें 'फेदरवेट' हें शिवणयंत्र अवघें अकरा पौंड वजनाचें आहे, आणि वेळच्या वेळीं तेलपाणी केल्यास तें आजहि उत्तम चालतें. जें मोडतें तें दुरुस्त करतां येतें, हा या छंदाचा मोठा धडा होय. त्याबरोबर विवेकहि हवा. जुन्या दिव्याची विजेची तार बदलूनच तो लावावा. जुनें म्हणून सगळेंच निर्धोक नसतें.

या मंडळींचे मेळेहि भरतात. १९९८ पासून लास व्हेगस येथें ईस्टरच्या सुमारास 'व्हिवा लास व्हेगस' हा उत्सव होऊं लागला. त्याच वर्षीं इंग्लंडमधील गुडवुड येथें, १९६६ मध्यें बंद पडलेल्या मोटारशर्यतीच्या मैदानावर, जुन्या गाड्या व जुना पोशाख यांचा सोहळा सुरू झाला. नाच, संगीत, गाड्या आणि पिन-अप स्पर्धा यांत मंडळी रमतात. तेथें छायाचित्रासाठीं उभी राहणारी स्त्री आपलें चित्र कसें असावें तें आपणच ठरविते. आमच्या मतें जुन्या व नव्या पिन-अपमधील खरा भेद हाच.

घ्यावें काय, टाकावें काय

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ज्या काळाचा झगा इतका सुंदर, तो काळ सर्वांना सुंदर होता काय? १९४७ मध्यें न्यूयॉर्कजवळ उभें राहूं लागलेलें लेव्हिटटाऊन हें टुमदार घरांचें उपनगर फक्त गोऱ्यांसाठीं होतें. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविण्यास १९५४ साल उजाडावें लागलें. कर्ज देतांना स्त्री म्हणून भेद करण्यास तेथील कायद्यानें १९७४ मध्यें बंदी केली. चकचकीत स्वयंपाकघरांत उभ्या असलेल्या त्या हसऱ्या गृहिणीच्या मनांतील कोंडमारा बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्यें पुस्तक लिहून चव्हाट्यावर आणला.

हा आक्षेप या छंदांतील जाणत्यांनीं टाळलेला नाहीं. डँडी वेलिंग्टन या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदचालकानें, शैली जुनी घ्यावी, मूल्यें जुनीं घेऊं नयेत, अशा अर्थाचें ब्रीदच प्रसृत केलें. आज एखादी कृष्णवर्णीय स्त्री हॅट व हातमोजे घालून अशा मेळ्यांत मिरवते, तेव्हां ज्या चित्रांत तिच्या आजीला जागा नव्हती त्या चित्रांत ती हक्कानें येऊन बसते. उलट, झग्याबरोबर नवऱ्याची आज्ञाधारकताहि परत यावी असें सांगणाराहि एक पंथ तेथें आहे. पोशाख दोघींचा सारखाच. पण एकीनें तो निवडला, आणि दुसरी तो इतरांवर लादूं पाहते.

हें आपल्याला परकें नाहीं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेंत नऊवारी नेसून, नथ घालून मुली मोटारसायकलीवरून जातात, तें पाहून आम्हांस आनंदच होतो. पण त्याच नऊवारींतील कित्येक पणज्यांना अक्षरओळख नव्हती. कित्येकींचा जन्म केशवपन व सोंवळें यांत गेला. अण्णासाहेब कर्वे यांना १८९६ मध्यें पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढावा लागला, तो याच कारणास्तव.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. आजीच्या पेटींतील पैठणी जरूर काढावी, तिच्या घड्या बदलाव्या, विरलेल्या जागीं रफू करावा आणि ती अभिमानानें नेसावी. मात्र ती नेसून आजीला कोठें जाण्याची मोकळीक नव्हती, हें घरांतल्या वडील माणसांना एकदां विचारावें, आणि जमल्यास त्या ठिकाणीं ती नेसूनच जावें.