काडी न ओढता लागणारी आग

वरोरा म्हटले की तुम्हांला आनंदवन आठवेल. पण त्याच्या किती तरी आधी, १८७१ च्या सुमारास, चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी सरकारी कोळसाखाण सुरू झाली. वर्ध्याहून आगगाडी इथवर आली ती या कोळशासाठीच. १९०६ मध्ये ही खाण बंद झाली. कारण? आग आणि खचणारी जमीन!

जमिनीखाली काडी कोणी ओढली? कोणीच नाही. कोळशाचा हवेतील ऑक्सिजनशी सावकाश संयोग होतो व थोडी उष्णता निर्माण होते. उघड्यावर ती निघून जाते. ढिगाच्या पोटात मात्र ती साठते; कारण कोळसा उष्णतेचा दुर्वाहक आहे. तापमान वाढले की संयोगाचा वेगही वाढतो आणि शेवटी कोळसा पेट घेतो.

खाणीत छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब सोडतात. वरच्या भाराने ते चिरडले की त्यांचा भुगा होतो, जमीन खचते आणि भेगांतून हवा आत शिरते. म्हणजे खचणे आगीला आमंत्रणच देते! म्हणून रिकाम्या पोकळीत वाळू भरतात, जुन्या वाटा भिंती बांधून बंद करतात.

आता तुम्हीच सांगा पाहू, कोळशाच्या ढेकळापेक्षा भुग्याचा धोका अधिक का?