लेखांक ९ : पीकेएक्सेक आणि रिकामी यादी

लिनक्सवर ‘रूट’ या खात्याला कशाचीच मनाई नसते. बाकीची खाती आपापल्या मर्यादेत राहतात. साध्या खात्यातून रूटचे अधिकार बळकावता आले, तर त्या त्रुटीला ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’ म्हणतात. मराठीत तिला अधिकारवाढ म्हणता येईल.

या मर्यादांची गरज एका यंत्रावर अनेकांची कामे येऊ लागल्यापासूनची आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातल्या संशोधकांची गणिते त्यावर सोडवली जाऊ लागली. एकाच्या कामाने दुसऱ्याचे बिघडू नये, ही काळजी अशा सामायिक यंत्रांबरोबरच येते.

तरीही साध्या वापरकर्त्याला कधीमधी रूटच्या अधिकाराची गरज पडतेच. पासवर्ड बदलणे हे साधे उदाहरण. गिरगावातल्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाकडे आपल्या खोलीची चावी असते, गच्चीवरच्या टाकीची मात्र व्यवस्थापकाकडे. पाणी अडले तर ती चावी भाडेकरूच्या हाती देत नाहीत. गडी ती घेऊन येतो, काम करतो आणि चावीसकट परत जातो. लिनक्समध्ये या गड्याचे काम ‘सेटयूआयडी’ प्रोग्रॅम करतात. चालवणारा कोणीही असो, ते फाइलच्या मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालतात. त्यामुळे असा गडी फसला, तर सारी चाळ उघडी पडते.

पोलकिट या संचातला पीकेएक्सेक हा असाच एक प्रोग्रॅम. मे २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात एक चूक होती आणि ती बारा वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. पुण्यात मोठे केंद्र असलेल्या क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ती शोधली. तिचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४, रूढ नाव ‘प्वनकिट’.

चूक समजायला स्मृतीतली एक जागा जवळून पाहावी लागते. प्रोग्रॅम सुरू होताना त्याला दोन याद्या मिळतात आणि त्या एकमेकींना लागून ठेवलेल्या असतात. पहिली आज्ञेतल्या शब्दांची, दुसरी परिसर-चलांची, म्हणजे भाषा, फोल्डरांचे मार्ग अशा सेटिंगांची. पहिल्या यादीचा पहिला शब्द म्हणजे प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव, अशी रीत आहे. ही केवळ रीत होती, सक्ती नव्हती. पीकेएक्सेकने ती सक्ती मानली आणि थेट दुसऱ्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.

हल्लेखोर पहिली यादी पूर्ण रिकामी पाठवतो. तिथे उरते फक्त समाप्तीची खूण. तिच्यापुढची जागा दुसऱ्या यादीची. पीकेएक्सेक तिथला मजकूर चालवायच्या प्रोग्रॅमचे नाव म्हणून वाचतो, त्याचा पूर्ण मार्ग शोधतो आणि तो त्याच जागी लिहून ठेवतो. खरा घात या लिहिण्यात आहे. सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू होतानाच धोकादायक सेटिंगे गाळली जातात, पण हे लेखन गाळणीनंतर होते. त्यामुळे अक्षरसंच बदलणारी लायब्ररी कुठून घ्यावी हे सांगणारे सेटिंग मागच्या दाराने आत येते. मग पीकेएक्सेक एक चूक-संदेश छापायला जातो, त्यासाठी लायब्ररी मागवतो, आणि हल्लेखोराने ठेवलेली फाइल रूटच्या अधिकाराने चालते.

प्रोग्रॅमर रायन मॅलन यांनी २०१३ मध्येच या जागेवर बोट ठेवले होते. तिचा हल्ल्यासाठी उपयोग करण्याची वाट मात्र तेव्हा सापडली नव्हती. अशा अर्धवट इशाऱ्यांकडे दुर्लक्ष होते, आणि ते महागात पडते.

मुख्य दुरुस्ती अगदी छोटी आहे: यादीत एकही शब्द नसेल, तर तिथेच थांबायचे. पण ओळी लिहिण्यापेक्षा त्या योग्य वेळी सर्वांपर्यंत पोचवणे अवघड. क्वालिसने नोव्हेंबर २०२१ मध्ये ही त्रुटी खाजगीत कळवली, लिनक्सच्या वितरकांनी दुरुस्त पॅकेजे तयार केली, आणि २५ जानेवारी २०२२ रोजी, मुंबईच्या घड्याळात रात्री साडेदहा वाजता, माहिती एकाच वेळी खुली झाली. काही तासांतच हल्ल्याचे तयार प्रोग्रॅम फिरू लागले. ज्यांना लगेच अद्ययावत करता येत नव्हते, त्यांच्यासाठी तात्पुरता उपाय होता: पीकेएक्सेकचा सेटयूआयडी अधिकार काढून घेणे. पुढे मे २०२२ मधल्या लिनक्स ५.१८ या कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, मूळ फटच बुजवली. आता रिकामी यादी आली, तर कर्नेल स्वतः तिच्यात एक कोरा शब्द घालतो.

दादर-माटुंग्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शेकडो विद्यार्थ्यांची खाती एकाच सर्व्हरवर असतात. अशा ठिकाणी ही त्रुटी सर्वाधिक घातक. तिथली व्यवस्था पाहणाऱ्यांनी पोलकिटच्या नुसत्या आवृत्तीवर विसंबू नये. वितरक बहुधा जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती बसवतात, म्हणून पॅकेजचा संपूर्ण क्रमांक वितरकाच्या सुरक्षा-सूचनेशी ताडून पाहावा.