टाकीतला फेस

व्हेनिसहून उत्तरेला निघालं की बराच वेळ सपाट शेतं लागतात आणि मग जमीन एकदम उभी राहते. कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने या दोन गावांच्या मधल्या टेकड्या चिंचोळ्या आणि खड्या. दगडी बांध न रचता उतारावरच गवताच्या अरुंद पायऱ्या राखून तिथे द्राक्षवेली लावल्या आहेत. स्थानिक लोक या पायऱ्यांना ‘चिल्योनी’ म्हणतात. २०१९ मध्ये युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारसा ठरवलं. पण इथल्या शेतकऱ्याला आधी दिसतो तो चढ. अनेक उतारांवर ट्रॅक्टर जाऊच शकत नाही, त्यामुळे हिवाळ्यातली छाटणी असो की सप्टेंबरातली तोडणी, काम हातानंच.

या वेलींचं द्राक्ष म्हणजे ग्लेरा. वेल जोमदार, घड लांब, रसात आंबटपणा भरपूर. वास मात्र नाजूक : हिरवं सफरचंद, पेअर, पांढरी फुलं. इथल्या फसफसणाऱ्या प्रोसेक्को वाइनमध्ये किमान ८५ टक्के ग्लेरा असावीच लागते, आणि ही वाइन कशी बनवायची याचा निकाल या नाजूक वासानंच लावला.

फसफसणाऱ्या वाइनमधला वायू येतो तो बहुधा दुसऱ्यांदा आंबवण्यातून. साध्या वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून भांडं बंद केलं की तयार झालेला वायू बाहेर पडू शकत नाही, तो वाइनमध्येच विरघळतो. शॅम्पेनमध्ये हे बंद भांडं म्हणजे प्रत्येक बाटली. वाइन तिथे मेलेल्या यीस्टच्या गाळावर महिनोन्महिने, कधी कित्येक वर्षं पडून राहते आणि तिला पावाचा, बदामाचा वास चढतो. ग्लेरावर हा प्रयोग केला तर सफरचंद आणि फुलं त्या पावाखाली गाडली जातात. म्हणून इथे बाटलीऐवजी पोलादी टाकी. दाब सोसणाऱ्या या थंड टाकीत काही आठवडे वाइन आंबते, मग गाळली जाते आणि दाब न सोडता बाटलीत भरली जाते. आस्तीच्या फेदेरिको मार्तिनोत्तीने १८९५ मध्ये या तंत्राचं पेटंट घेतलं. १९०७ मध्ये फ्रान्सच्या युजीन शार्माने ते सुधारलं, आणि जगाच्या तोंडी नाव बसलं ते शार्माचं. इटलीत आजही बरेच जण आवर्जून मार्तिनोत्तीचं नाव आधी घेतात, आणि ते रास्तच आहे.

टाकी म्हणजे स्वस्तातली पळवाट, असं वाइनचे जाणकार नाक मुरडून म्हणतात. खर्च कमी येतो, हे खरं. पण ग्लेराच्या बाबतीत टाकी हीच योग्य जागा आहे, असं माझं मत. शॅम्पेनच्या वाटेनं जायचं तर इटलीत फ्रान्चाकोर्ता ही वाइन आहे : मुख्यतः शार्दोने आणि पिनो नेरो ही द्राक्षं, बाटलीतच दुसरं आंबवणं, गाळावर किमान १८ महिने. आस्तीच्या मोस्कातो वाइनची तऱ्हा तिसरीच. तिथे बहुतेक वेळा एकदाच आंबवतात, आणि तेही साखर पुरती संपण्याआधी थंडाव्यानं थांबवतात. म्हणून ती गोड आणि हलकी राहते.

नियमांची गोष्ट याहून रंजक आहे. २००९ पर्यंत प्रोसेक्को हे द्राक्षाचंच नाव होतं. द्राक्ष कुणीही, कुठेही लावू शकतो, त्याच्या नावावर हक्क सांगता येत नाही. गावाच्या नावावर मात्र येतो. त्रिएस्तेजवळ प्रोसेक्को नावाचं गाव होतंच. इटलीने अधिकृत प्रदेशाची सीमा त्या गावापर्यंत ओढली, द्राक्षाला ग्लेरा हे जुनं नाव दिलं आणि ‘प्रोसेक्को’ भूगोलाच्या ताब्यात दिलं. चलाखी म्हणा, पण कायद्यात बसणारी. पुढे क्रोएशियाने आपल्या ‘प्रोशेक’ या गोड वाइनच्या नावाला युरोपीय संरक्षण मागितलं, तेव्हा इटलीने कडाडून हरकत घेतली.

आता प्रोसेक्कोचा डीओसी दर्जाचा मोठा अधिकृत पट्टा दोन प्रांतांतल्या नऊ जिल्ह्यांत पसरला आहे, बराचसा मैदानी. वर्षाला ६० कोटींहून अधिक बाटल्या तिथून निघतात, शॅम्पेनच्या जवळपास दुप्पट. तिथे हेक्टरी १८ टन द्राक्षं घेता येतात. कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेनेच्या टेकड्यांचा दर्जा त्याहून वरचा, डीओसीजी, आणि मर्यादा साडेतेरा टन. एकाच गावाच्या किंवा वाडीच्या खड्या उतारावरची द्राक्षं असतील, तर लेबलवर ‘रिवे’ आणि त्या जागेचं नाव येतं. सगळ्यांत वर कार्तित्झे : जेमतेम १०७ हेक्टरचा एक उतार आणि हेक्टरी १२ टनांची मर्यादा.

गोडीच्या पायऱ्या मात्र नवख्याला हमखास चकवतात. ‘ब्रुत’ कोरडी, ‘एक्स्ट्रा ड्राय’ तिच्याहून गोड, आणि नुसती ‘ड्राय’ त्याहूनही गोड. कार्तित्झे पूर्वापार याच गोड बाजूची. सगळ्यांत महागड्या उताराची चव साखरेनं का झाकावी, हे मला पटत नाही. आता कोरडी कार्तित्झेही मिळू लागली आहे.

टाकी येण्याआधी शेतकरी घरच्यासाठी वाइन बाटलीतच पुन्हा आंबू द्यायचे आणि गाळ तसाच ठेवायचे. तिला ‘कोल फोंदो’ म्हणतात, म्हणजे तळासकट. ती गढूळ आणि थोडी उग्र असते, साखरेचा मागमूस बहुधा नसतो. काही तरुण उत्पादक हल्ली पुन्हा ती बनवतात. बाटली हलवून गढूळच प्यायची, की उभी ठेवून वरची नितळ ओतायची, यावर त्यांच्यातही एकमत नाही.