करमाफी कोणाच्या पदरात पडते?

लेखमाला : इंधन आणि न्याय (लेखांक चौथा)

गेल्या लेखांकात आपण पेट्रोलच्या किमतीचे घटक तपासले, आणि असे दिसून आले की केंद्राचे उत्पादनशुल्क काय किंवा राज्याचा मूल्यवर्धित कर काय, दोहोंचा भार प्रत्येक लिटरवर पडतो. ते लिटर कोणाच्या टाकीत पडते आणि त्याची ऐपत किती, याची विचारपूस कोणताही कर करीत नाही. आता प्रश्न उरतो तो याच्या दुसऱ्या बाजूचा. विजेवर चालणाऱ्या वाहनांना सरकार जी माफी देते, ती अखेर कोणाच्या पदरात पडते? हा विचार अधांतरी राहू नये म्हणून नगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील कोल्हार हे गाव आपण डोळ्यांसमोर ठेवू.

प्रवरेच्या काठी, नगर–मनमाड रस्त्यावर वसलेल्या या गावापासून एक रस्ता बेलापूर–श्रीरामपूरकडे जातो, तर दुसरा लोणी, संगमनेर करीत घोटीकडे. कॉलेज लोणीला, मोठा दवाखाना लोणीला, साखर कारखान्यातील नोकरीही तिकडेच. बाजारहाट श्रीरामपूरला आणि कचेरीचे काम राहात्याला. अशा गावात दुचाकी ही चैनीची वस्तू असूच शकत नाही; ती रोजगाराचे साधन असते, आणि जिला ती परवडत नाही ती बाई फाट्यावर एस.टी.ची किंवा भरून निघणाऱ्या रिक्षाची वाट पाहत उभी असते.

पेट्रोलपंपावर घटकाभर उभे राहिले तरी ऐपतीचा हा भेद कानांवर पडतो. मोटारवाला ‘टाकी फुल करा’ म्हणतो. रोजंदारीवर जाणारा ‘शंभराचं टाका’ म्हणतो. भाव चढला तरी त्याच्या तोंडचा आकडा शंभरच राहतो, कारण खिशात तेवढेच असतात. घटते ते अंतर. हिशेब करून पाहू. जाऊन-येऊन तीस किलोमीटरचे काम आणि लिटरला पन्नास किलोमीटर चालणारी मोटारसायकल धरली, तर शंभराच्या वर गेलेल्या भावाने दिवसाला साठ-बासष्ट रुपये लागतात. चारशे रुपये रोज मिळवणाऱ्याच्या कमाईचा हा जवळजवळ सहावा हिस्सा झाला. दरमहा लाखभर पगार घेणाऱ्यास तेवढ्याच प्रवासाचा खर्च शंभरातील दोन रुपयेही पडत नाही. मे 2020 मध्ये, जगात कच्चे तेल मातीमोल झाले असता, पेट्रोलवरील केंद्रीय शुल्क लिटरला 32.98 रुपयांपर्यंत चढवण्यात आले, तेव्हा स्वस्ताईचा लाभ ग्राहकापर्यंत पोचण्याआधीच खजिन्यात जमा झाला. मे 2022 मध्ये ते 19.90 रुपयांवर आले खरे, परंतु तोवर त्या सहाव्या हिश्शाने अनेक घरांचा किराणा कमी केला होता.

विजेची दुचाकी या माणसाचा भार खरोखर हलका करू शकते. शंभर किलोमीटरला तीन-चार युनिट, म्हणजे फार तर तीस-चाळीस रुपये. पेट्रोलला तेवढ्याच अंतरास दोनशेवर लागतात. मग तो ती घेत का नाही? कारण बचत रोज थोडी थोडी होते आणि किंमत मात्र एकदम मोजावी लागते. शिवाय भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यास स्वतःचे मीटर नसते, गाडी लावण्यास अंगण नसते. आणि गरीब मनुष्य बहुधा जुनी गाडी घेतो. जुन्या मोटारसायकलचे इंजिन गावातला मिस्त्री उघडून दुरुस्त करतो, पण जुन्या विद्युत गाडीची बॅटरी संपत आली असेल, तर तिच्या बदलीचा खर्च गाडी घेण्याचा हेतूच फोल ठरवतो.

आणि आता करांचा ताळेबंद पाहा. ऑगस्ट 2019 पासून विद्युत वाहनावर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे, मग ते वाहन कितीही महाग असो. साध्या मोटारसायकलवर हाच कर सप्टेंबर 2025 पर्यंत 28 टक्के होता आणि आज 18 टक्के आहे. म्हणजे ऐंशी हजारांच्या मोटारसायकलवर मजूर 14,400 रुपये भरतो, आणि एक कोटीची विद्युत मोटार घेणारा पाच लाख. मोठ्या पेट्रोल मोटारीचा दर 40 टक्के असल्याने, त्याला मिळालेली सूट पस्तीस लाखांची ठरते. तीस लाखांवरील विद्युत मोटारींवर 6 टक्के कर बसवण्याची तजवीज राज्याच्या मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात होती. तीही त्याच महिन्यात मागे घेण्यात आली.

या सवलतींच्या बाजूने जे म्हटले जाते ते उडवून लावण्यासारखे नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, शहरांची हवा दूषित झाली आहे, आणि प्रथम श्रीमंतांनी घेतल्याशिवाय नवी वस्तू स्वस्त होत नाही. हे सारे मान्य करूनही माफीला मर्यादा असावी, एवढे तरी म्हणता येते. विद्युत मोटारींचा सर्वाधिक प्रसार झालेल्या नॉर्वेने 2023 पासून पाच लाख क्रोनरांपलीकडील किमतीवर कर पुन्हा लागू केला. फ्रान्समध्ये 2018 साली इंधनकराविरुद्ध गावोगावची, मोटारीवाचून कामावर जाऊ न शकणारी माणसे रस्त्यावर उतरली. त्याच देशाने 2024 साली अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना माफक मासिक भाड्याने विद्युत मोटारी देण्याची योजना आणली.

आपल्याकडे याहून सोपा मार्ग आहे, आणि तो या जिल्ह्याला परका नाही. 1 जून 1948 रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे–नगर मार्गावर धावली. 1 जून 2022 रोजी एस.टी.ची पहिली विद्युत बस ‘शिवाई’ त्याच मार्गावर सुरू झाली. एका बसवर खर्ची पडलेला रुपया दिवसाकाठी शेकडो उतारूंच्या उपयोगी पडतो, त्यांत मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करणाऱ्या स्त्रिया असतात, आणि दुचाकीची ऐपत नसलेला मनुष्यही असतो. त्याच न्यायाने विद्युत रिक्षा आणि स्वस्त दुचाकी यांचा हक्क आलिशान मोटारीच्या आधी येतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी : करमाफीस किमतीची कमाल मर्यादा घालावी, तीतून वाचलेला महसूल ग्रामीण मार्गांवरील विद्युत बसेस, बसस्थानकांवरील चार्जिंग केंद्रे आणि अल्प उत्पन्नाच्या दुचाकीधारकांस कमी व्याजाचे कर्ज यांकडे वळवावा. वाचकांनी ही मागणी आपल्या ग्रामसभेत ठरावरूपाने मांडावी आणि तो ठराव लोकप्रतिनिधींकडे लेखी धाडावा. पुढील लेखांकात घरगुती वीजदराचे टप्पे आणि घरी गाडी चार्ज करणाऱ्याच्या बिलावर होणारा त्यांचा परिणाम पाहू.

(क्रमशः)