फरशीला चमक लावता येत नाही!

जुन्या वाड्यातली पांढुरकी पडलेली शहाबादी फरशी पाहिलीय? तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. क्षणात गर्द, निळसर करडा रंग वर येतो! पाणी वाळलं की पुन्हा तीच अवकळा. मग इतका वेळ रंग होता कुठे? तिथेच. वर्षानुवर्षांच्या वापराने फरशीवर असंख्य बारीक ओरखडे पडलेले असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो आणि दगड पांढुरका दिसतो. पाण्याने ओरखडे भरले की विखुरणं कमी होतं, रंग उघडा पडतो.

हे ओरखडे पाडले कुणी? पायांनी नव्हे, पायांखालच्या वाळूने! शहाबादी हा चुनखडक. कर्नाटकातल्या शहाबाद-वाडी भागात, 50 कोटी वर्षांहूनही आधी, उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरांवर थर साचत गेला. म्हणून तर खाणीत छिन्नी लावली की सपाट लाद्या सुटतात. पण त्यातलं कॅल्साइट तसं मऊ. काठिण्याच्या 1 ते 10 अंकांच्या मोजपट्टीवर त्याचा अंक 3, तर वाळूतल्या क्वार्ट्झचा 7. तेव्हा फरशी जपायची तर आधी दारात पायपुसणं टाका, आणि ओलं फडकं फिरवण्यापूर्वी केर काढा.

दुसरा वैरी स्वयंपाकघरातच बसलेला असतो. फरशीवर लिंबाचा थेंब टाकून भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे! आम्लाने चुनखडक विरघळतोय आणि कार्बन डायऑक्साइड सुटतोय. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या समुद्रात बंदिस्त झालेला कार्बन आज तुमच्या ओट्यापाशी मोकळा होतोय! थेंब पुसला तरी निस्तेज डाग उरतो. मग संडास धुण्याचं ॲसिड फरशीवर ओतल्यावर काय होत असेल?

आता गंमत बघा. गेलेली चमक परत आणायला वरून काही लावावं लागत नाही, उलट काढावं लागतं. घोटाईचं मशीन आधी भरड दगडाने खोल ओरखडे घासून काढतं. मग 120, 400, 800 असे चढत्या नंबरचे दगड. प्रत्येक दगड आधीच्याचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, त्याहून बारीक, मागे ठेवतो. शेवटी ते इतके सूक्ष्म होतात की प्रकाशाला जाणवतच नाहीत. तो विखुरत नाही, सरळ उलटतो, आणि फरशीत खिडकी दिसू लागते!

तेलाचा डाग? तो घासून जात नाही, कारण तेल दगडाच्या छिद्रांत मुरलेलं असतं. खडूची पूड आणि थोडा धुण्याचा सोडा पाण्यात कालवून जाड लेप द्या आणि वाळू द्या. टीपकागद शाई ओढतो, तसा लेप तेल वर ओढतो. जुना डाग दोन-तीन लेप मागतो.

वरून चकचकीत लेप मारून काम उरकावंसं वाटेल. थांबा! जुन्या फरशीखालून जमिनीतली ओल सतत वर येत असते. तिची वाट बंद झाली की क्षार अडकतात, फुगतात आणि दगडाचे पापुद्रे काढतात.

एका घोटाईत झिजतो तो मिलिमीटरचा अंशच, आणि जुनी फरशी चांगली इंचभर जाड. छापील टाइलचा रंग वरच्या पातळ थरापुरता, तो गेला की संपलं. शहाबादी मात्र आरपार शहाबादीच. म्हणूनच पणजोबांनी बसवलेली फरशी पणतू पुन्हा नवी करू शकतो, आणि त्याचा पणतूही!