दुखण्याचा हिशेब कोण करणार?

गरम कॉफी अंगावर सांडली आणि बाई कोट्यधीश झाली, हा अमेरिकेतला किस्सा आपल्याकडेही विनोद म्हणून सांगितला जातो. खटल्याची हकीकत मात्र हसण्यासारखी नाही.

फेब्रुवारी १९९२. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात ७९ वर्षांची एक वृद्धा नातवाच्या थांबलेल्या गाडीत बसली होती. मॅकडोनाल्ड्सचा ४९ सेंटचा कॉफीचा पेला तिच्या मांडीवर सांडला. कातडी खोलवर भाजली, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले, दुसरीकडची त्वचा काढून लावावी लागली. तिने २०,००० डॉलर मागितले. कंपनीने ८०० देऊ केले. मग मामला ज्यूरीपुढे गेला.

ज्यूरी म्हणजे गावातलीच साधी माणसे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली झालेल्या सातव्या दुरुस्तीने २० डॉलरहून मोठ्या दिवाणी दाव्यात केंद्रीय कोर्टांपुढे ज्यूरीचा हक्क दिला. राज्यांच्या कोर्टांतही अशीच पद्धत आहे. या माणसांनी कायदा शिकलेला नसतो, म्हणून न्यायाधीश त्यांना लेखी सूचना वाचून दाखवतात.

त्यातला पहिला भाग सोपा. दवाखान्याचे बिल, बुडालेला पगार, पुढे लागणारा उपचार. पावत्या आणि डॉक्टरची साक्ष असली की सातवीचे पोरही बेरीज करील. अवघड आहे ते वेदनेचे. रात्रीची झोप गेली, चालणे-फिरणे बंद झाले, याची रक्कम कशी लावायची? त्याला कोणतेही ठरलेले माप नाही, हे न्यायाधीश सरळ सांगून टाकतात. पुरावा पाहा, सारासार विचार करा आणि वाजवी वाटेल तो आकडा ठरवा, एवढेच. दया आली म्हणून तो वाढवायचा नाही. विमा आहे की नाही, हे पाहायचे नाही. बारा जणांनी चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्यांची सरासरी हाच निकाल, असे आधीच ठरवून घेणेही चालत नाही.

एक नियम आम्हाला फार विचार करायला लावतो. ‘तुम्ही तिच्या जागी असता तर किती घेतले असते?’ असे वकिलाने ज्यूरीला विचारायचे नाही. वर्गात आम्ही मुलांना रोज उलटेच सांगतो, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. पण जो एका पक्षाच्या जागी जाऊन बसला तो पंच उरत नाही, हेही खरेच.

ज्यूरीने नुकसानीचे दोन लाख डॉलर ठरवले. पण २० टक्के चूक त्या बाईचीच म्हणून उरले १,६०,०००. दंडाची रक्कम वेगळी, २७ लाख डॉलर. ती भरपाई नव्हे, कंपनीला धडा. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसवर ठेवली जात होती आणि दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून जास्त तक्रारी आलेल्या होत्या. २७ लाख म्हणजे कंपनीची सुमारे दोन दिवसांची कॉफीविक्री. न्यायाधीशांनी हा दंड भरपाईच्या तिपटीवर, ४,८०,००० वर आणला. शेवटी दोन्ही पक्षांनी आपसात मिटवले आणि रक्कम जाहीर झाली नाही. विनोदात हा भाग कधी येत नाही.

आपल्याकडे अशा दाव्यांत ज्यूरी नाही. रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवते, तेही बरेचसे कोष्टकावर. मृताच्या उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून वयाच्या गुणकाने गुणायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे २६ ते ३० वयाला १७, तर ५६ ते ६० ला ९. त्यामुळे एकाला लाख आणि दुसऱ्याला दमडी, असे सहसा होत नाही. हा मोठाच फायदा. पण जोडीदार गमावल्याचे २०१७ च्या निकालाने ४०,००० ठरवले (दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ), ते वाचून पोटात कालवते.

आणि जिला पगारच नाही, तिचे काय? लता वाधवा प्रकरणात २००१ साली गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली गेली. २०२१ मध्येही न्यायालयाने घरकामाचे उत्पन्न धरलेच पाहिजे असे म्हटले. तरी घरोघरी व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ असेच लिहिले जाते. दाव्याचा अर्ज भरताना तिथे ‘गृहिणी’ लिहावे. शिलाई, शिकवणी, भाकऱ्यांची विक्री चालत असेल तर वकिलाला तेही सांगावे, आणि हिशेबाची वही असेल ती सोबत न्यावी.